नमुन्याबरहुकूम

सोफिया, १५ फेब्रुवारी २०१०

यावोर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडलंस तरी तुझ्या हातात पडून फाटेल, एवढंच माझं समाधान.

बातमी आहे. कोठाराला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतायत आणि त्याचा इतिहास लिहायला त्यांनी मला बोलावलंय. होय, मला. जिनं जन्मभर आठवीच्या पोरांना तुर्कांच्या लढाया शिकवल्या आणि निवृत्त झाल्यावर जिला त्यातलं एकही पोर ओळखत नाही, तिला. सरकारी नाव भलंमोठं आहे, पण सैन्यात काय आणि आपल्या घरात काय, ते कोठारच. बुटाच्या नाडीपासून तोफेपर्यंत सैन्याला लागेल ते विकत घेणारं कोठार, जिथं बाबांनी आयुष्य काढलं.

संचालक राशेव स्वतः घरी आले होते. दाराशी बूट काढून आत आले, तर बाबांनी चाचपत त्यांचा एक बूट उचलला, तळवा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "शिवलेला नाही, नुसता चिकटवलाय. हिवाळा काढणार नाही." पाहुण्यांचे बूट तपासायची त्यांची खोड तुला आठवत असेल. राशेव मनापासून हसले आणि म्हणाले, "कर्नलसाहेब, अशा माणसाच्या मुलीशिवाय हे पुस्तक दुसरं कोण लिहिणार?" झालं. मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

तुझ्या मनात आत्ता काय आलं ते मला कळतंय. म्हणून आधीच लिहिते, बुटांचं प्रकरण त्या पुस्तकात येणार. पंच्याऐंशीचा तो फेब्रुवारी, तुमच्या तुकडीची डोंगरातली कूच, बुटांचे फाटलेले तळवे, तुझ्या डाव्या पायाची गारठ्यानं गेलेली बोटं आणि तुझा सोबती ओग्न्यान. चौकशीनं ठरवलं की तो दारू पिऊन वाट चुकला आणि बर्फात बसून गोठून मेला. त्याला खांद्यावर घेऊन आलास तू, आणि तू एकटाच सांगत होतास की तो प्यायलेला नव्हता, त्याचे बूट फाटले होते. बाबांनी तिथं उभं राहून सांगितलं की बूट नमुन्याबरहुकूम होते. त्या दिवसापासून तू त्यांना बाबा म्हटलं नाहीस, 'कर्नल' म्हणतोस, आणि सीमा उघडल्या तसा निघून गेलास. हे सगळं मी लिहिणार आहे, सरकारी पुस्तकात.

मग येशील? बाबा शहाऐंशीचे झाले. डोळे गेले आहेत, माणूस आवाजावरून ओळखतात. तुझा आवाज ओळखतील की नाही ते मला सांगता येत नाही.

नेवेना


सोफिया, ७ एप्रिल

यावोर,

ख्रिस्त उठला आहे. तुझं कार्ड ईस्टरच्या आदल्या दिवशी मिळालं. "ओग्न्यान नावानिशी त्यात असेल तर येईन. नसेल तर पुन्हा लिहू नकोस." एवढ्या वर्षांत दोन वाक्यं, आणि त्यातही अट. तरी मी ते कार्ड दहा वेळा वाचलं.

काम मजेचं आहे, हे कबूल करायला हवं. काय काय घेतलंय या लोकांनी! एकदा घोड्यांसाठी गॅसचे मुखवटे मागवले, आणि ते पोचेपर्यंत सैन्यातले घोडे निवृत्त झाले होते. घेवड्याची प्रत्येक खेप घेण्याआधी कार्यालयातच शिजवून खायचा नियम होता, त्यामुळे जुन्या फोटोंत एकही सडपातळ अधिकारी दिसत नाही. तळं राखील तो पाणी चाखील, तर इथं घेवडा राखला आणि घेवडाच चाखला.

पण मी ज्यासाठी लिहिते आहे ते तळघराचं. तिथं नमुन्यांची कपाटं आहेत. कोठाराची रीत अशी की कुठलीही वस्तू घ्यायची ठरली की त्यातली एक उत्तम निवडायची, दोरीनं बांधायची, गाठीवर लाखेची मोहोर मारायची आणि कपाटात ठेवायची. पुढं कारखान्यातून माल आला की तो या नमुन्याशी ताडून पाहायचा. जुळला तर घ्यायचा, नाही तर परत. याला नमुन्याबरहुकूम म्हणतात. त्या तळघरात टोप्या आहेत, डबे आहेत, पट्टे आहेत, फाशी दिल्यासारखे दोरीत बांधलेले.

चौऱ्याऐंशीचा हिवाळी बूट मी बाहेर काढला. लाखेवर बाबांची मोहोर. बाबांची खोड माझ्याही हातात आहे, मी तळवा वाकवला. तो शिळ्या पावासारखा तुटला. तू म्हणशील, इतक्या वर्षांत रबर सुकणारच. मीही तेच म्हटलं. शेजारी शहात्तर सालचा बूट होता, तोही वाकवला. तो दुमडला आणि परत सरळ झाला.

मग मी मोहोरेवरची तारीख पाहिली. बूट कारखान्यातून यायला लागले सप्टेंबरात. नमुन्यावर मोहोर आहे नोव्हेंबरातली. कळलं का यावोर? माल नमुन्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी नमुनाच मालासारखा केला. चांगला बूट कपाटातून काढला, वाईट खेपेतला एक उचलून त्याला दोरी बांधली, मोहोर मारली. त्यानंतर आलेला प्रत्येक बूट नमुन्याबरहुकूमच होता.

आणि मला लाज कशाची वाटते सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे बाबा चौकशीत खोटं बोललेच नव्हते. तो विचार मी चांगला घटकाभर कुरवाळत बसले होते.

बाबांना अजून काही विचारलेलं नाही. ईस्टरची लाल अंडी फोडायची सोडून तो वाद कसला काढायचा. रोज सकाळी विचारतात, "कुठवर आलीस?" मी सांगते, अजून दुसऱ्या महायुद्धात आहे. वास्तविक मी ते केव्हाच जिंकून बसले आहे. मान हलवतात आणि दह्याची वाटी चाचपतात.

नेवेना


सोफिया, २० जून

यावोर,

रस्त्यावर लिंडनच्या फुलांचा असा घमघमाट आहे की खिडकी लावून लिहिते आहे.

राशेवांनी बुटांचं प्रकरण वाचलं. काढून टाका असं कुणीही म्हणालेलं नाही, हे आधी लक्षात घे. उलट त्यांनी दार लावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, धाडसाचं लिहिलंय. मग म्हणाले की पुस्तक समारंभाचं आहे, मंत्री येणार, परदेशी पाहुणे येणार. अख्खं प्रकरण झालं की लोक त्याला भांडण समजतात. एक पान असेल तर तेच मनाला जास्त लागतं. शिक्षिका म्हणून मला हे पटलं. पोरांना मी नेहमी तेच सांगत आले, थोडक्यात लिहा.

आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या सभागृहाला बाबांचं नाव द्यायचं ठरतंय. कर्नल मिंको द्रेन्कोव सभागृह. राशेव म्हणाले, "भिंतीवर एक आणि पुस्तकात दुसरंच, हे कसं दिसेल ते तुम्हीच ठरवा, लेखिकाबाई." मला ते लेखिकाबाई म्हणतात. न्यायला गाडी पाठवतात. शेजारची पेना, जिनं वीस वर्षांत जिन्यात माझ्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, ती परवा म्हणाली, "नेवेना, तुझी गाडी आलीय हो." तू हसशील. हस. मी साठ वर्षं ट्रॉलीबसला लोंबकळले आहे.

ओग्न्यानचं नाव त्या पानावर आहे. काळजी करू नकोस.

नेवेना


सोफिया, २५ ऑगस्ट

यावोर,

छपाईला गेलं. पान नाही, परिच्छेद आहे. नाव घालायला म्हणे घरच्यांची परवानगी लागते. ओग्न्यानची आई ट्रोयानजवळच्या गावात आहे अजून, मी जाणार होते, पण उन्हाळा काय पडलाय, आणि बाबांना एकटं टाकून जायचं कसं. नाव नसलं तरी ज्याला कळायचं त्याला कळेल.

तू गप्प आहेस. तुझ्या गप्पपणाचंही मला आता काही वाटेनासं झालंय. तू तिकडं स्पेनमध्ये सारागोसाला टायर बदलतोस, तत्त्वं सांभाळायला तुला मोकळा वेळ आहे. इथं बाबांना आंघोळ मी घालते, त्यांची नखं मी कापते, आणि कापताना तुझ्या नसलेल्या बोटांची आठवण दर वेळी मलाच येते, त्यांना येते की नाही देव जाणे. दुरून न्याय मागणं सोपं असतं.

कव्हर पाहिलं. माझं नाव सोनेरी अक्षरांत उठवलंय, उंच. बोटाला लागतं.

नेवेना


सोफिया, ३ ऑक्टोबर

यावोर,

पुन्हा लिहू नकोस म्हणाला होतास. लिहिते आहे, कारण आता लपवायला काही उरलं नाही.

परिच्छेदही नव्हता. ऑगस्टमध्ये लिहिलं ते खोटं होतं, जूनमध्ये नावाचं लिहिलं तेही. ते वाक्य असं आहे: "ऐंशीच्या दशकात पादत्राणांच्या दर्जाबाबत मिळालेल्या अनुभवांतून संस्था बरंच काही शिकली." एवढंच. ते कुणी माझ्यावर लादलं नाही. राशेव दर वेळी नुसते माझ्याकडं पाहायचे आणि मी आपणहून आणखी थोडं खोडायचे. शेवटचा परिच्छेद काढा असं तर त्यांनी म्हटलंही नव्हतं. मीच म्हटलं, हे वाक्य जास्त सुबक दिसेल.

पुस्तकं आली त्या दुपारी बाल्कन्यांतून मिरच्या भाजल्याचा धूर येत होता, सगळी इमारत लुतेनित्साची चटणी घालण्यात गुंतलेली. बाबा म्हणाले, पंच्याऐंशी साल वाच. मी ते वाक्य वाचलं.

"पुढं वाच."

"एवढंच आहे, बाबा."

त्यांनी हात लांबवून पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "रोज मी तुला विचारत होतो कुठवर आलीस. म्हटलं, तिथं पोचलीस की मला विचारशील. विचारलं असतंस तर सांगणार होतो."

मला राग आला. मी म्हटलं, आपणहून का नाही सांगितलंत?

"आपणहून सांगता येत असतं तर तेव्हाच नसतं का सांगितलं?"

आणि त्यांनी सांगितलं. कारखान्याकडं दुसरं रबर नव्हतं. खेप परत पाठवली असती तर पोरं उन्हाळी बुटांत डोंगरावर गेली असती, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एका दुपारी नमुना बदलला, दुसऱ्या दिवसापासून सगळा माल पास. वसंतात चांगला बूट परत कपाटात ठेवायचा, असं मनाशी ठरवलं होतं. वसंत यायच्या आत तू ओग्न्यानला घेऊन खाली आलास. बोलून झाल्यावर त्यांनी हात पुढं करून माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, "माझीच मुलगी आहेस गं." रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. त्यांना माझी कीव आली होती.

समारंभ झाला. बाबांना गणवेश घालून नेलं. भिंतीवरच्या त्यांच्या नावावरचा पडदा मंत्र्यांनी ओढला. मग बाबांच्या हातात माईक दिला. मला वाटलं, आता बोलणार. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. ते म्हणाले, "आभारी आहे. कोठारानं मला पुष्कळ दिलं." आणि बसले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, यावोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाबा स्वतःच दाढी करून बसलेले, गालावर दोन जागी कापलेलं. म्हणाले, छापखान्यात जा आणि ओग्न्यानचा कागद छापून आण. तुमच्या स्पेनमध्ये दारांवर मेलेल्यांचे कागद लावत नाहीत ना? इथं अजून तसंच आहे, चाळीस दिवस झाले की कागद, वर्ष झालं की कागद, दहा, पंचवीस, फोटोसकट, दारावर, खांबावर, बसथांब्यावर. छापखान्यातल्या बाईनं मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाली, "असं कुणी लिहीत नाही. माझ्याकडं अश्रूंचा तयार मजकूर आहे, तो घालू का?" मी नको म्हटलं. फोटो आपल्याकडचा दिला, तुम्हा दोघांचा गणवेशातला. त्यातला तुझा अर्धा घरी ठेवलाय. मजकूर असा:

"ओग्न्यान बाचेव, वय एकोणीस. पंचवीस वर्षं झाली. तो प्यायलेला नव्हता. त्याचे बूट वाईट होते. ते वाईट आहेत हे मला माहीत होतं आणि मी त्यांवर मोहोर मारली. कर्नल मिंको द्रेन्कोव."

पहिला कागद कोठाराच्या दारावर लावला. बाबांनी दाराची कड बोटांनी शोधली आणि कागद स्वतः चिकटवला, जरा तिरपा झाला. पहारेकरी आला, त्यानं वाचला, टोपी काढली आणि परत घातली. म्हणाला, "कर्नलसाहेब, हा मला काढावा लागेल."

"काढ बाळा. मी वळलो की काढ."

आमची ट्रॉलीबस येईपर्यंत तो दाराकडं पाठ करून उभा होता. नंतर काढलाच असेल. राशेवांचा त्या दुपारपासून फोन नाही, गाडीही नाही. पेना परत जिन्यात खाली बघून जाते.

दुसरा कागद घेऊन आम्ही बसनं ट्रोयानला आणि तिथून गावात गेलो. ओग्न्यानची आई, वेलिकामावशी, फाटकाशी बसून मिरच्या दोऱ्यात ओवत होती. आम्ही कोण ते मी सांगितलं. तिनं कागद हातात घेतला, फोटोवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, चष्मा आत आहे, वाचून दाखवा.

मी पुढं झाले, तर बाबांनी माझा दंड धरला. "मला दिसत नाही, बाई," ते म्हणाले, "पण मला पाठ आहे." आणि म्हणाले सगळं, उभ्यानं, शेवटच्या शब्दापर्यंत. 'मोहोर मारली'शी अडखळले, तर ते वाक्य परत पहिल्यापासून म्हणाले.

तिच्या मांडीवरच्या मिरच्या खाली पडल्या, त्या तिनं उचलल्या नाहीत.

"म्हणजे प्यायला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"सगळी आपापल्या माणसाच्या कबरीवर वाइन ओततात. मी एवढी वर्षं पाणी ओततेय. म्हटलं, दारूनंच मेला, आता मेल्यावर तरी नको. बाया हसायच्या मला. पाणीवाली म्हणायच्या."

बाबा गुडघ्यावर बसायला गेले. ती म्हणाली, "नका बसू, तुम्हाला उठवणार कोण." ते तसेच उभे राहिले, टोपी हातात धरून. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आणि तू? तुझं काय यात?"

मी सांगितलं की मी कोठाराचा इतिहास लिहिला, पुस्तक निघालंय.

"त्यात माझा ओग्न्यान आहे?"

"नाही."

"मोठं आहे का पुस्तक?"

"तीनशे पानं आहेत."

"मग तीनशे पानं तू लिहिलंस तरी काय, बाई?"

ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आठवीच्या पोरांना मी असं विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी वाकून तिच्या मिरच्या गोळा करत राहिले, तिच्याकडं बघायला लागू नये म्हणून.

बाबांनी विचारलं, कबरीवर येऊ का. ती म्हणाली, तुम्ही दोघंही नका. मग उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. म्हणाली, नोव्हेंबरातल्या मृतांच्या शनिवारी गाव सगळं कबरस्तानात असतं, तेव्हा वाइन ओतायची. सगळ्यांच्या देखत ओतायची. "पण ज्यानं माझ्या पोराला खांद्यावर आणलं, त्याच्या हातनं. तो आहे ना अजून? त्याला तरी विचारीन, शेवटी काय बोलला म्हणून. मला कुणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, आहे. मी म्हटलं, तो येईल.

तुला न विचारता म्हटलं. कर्नलला भेटायला ये असं मी लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मी स्टेशनवरसुद्धा येणार नाही. पण तिनं बाटली वेगळी काढून ठेवलीय आणि फाटकावर कागद लावून सगळ्या गावाला सांगितलंय. माझी तीनशे पानं गेली खड्ड्यात, यावोर. तिला बोलले ते एक वाक्य तेवढं खोटं पडू देऊ नकोस.

नेवेना